परभणीकरांच्या ओंडक्यावर

सोनाबाई मैदानावर आल्या की आधी वहाणा काढायच्या, मग ओंडक्यावर टेकून पाय लांब करायच्या आणि म्हणायच्या, "आता गोल झाल्याबिगर मला कुणी हलवू नका." आजूबाजूचे लोको शेडमधले पुरुष हसायचे आणि सरकून जागा द्यायचे. त्या पूर्णेच्या रेल्वे दवाखान्यात दाई होत्या. निजामाच्या राज्यातली शेवटची काही वर्षं मी त्यांच्या शेजारच्या क्वार्टरात काढली, पण त्या आठवतात त्या मैदानावरच्याच.

मी वालूरची. लग्न होऊन पूर्णेला आले, कारण नवरा तिथे तारबाबू होता. रेल्वेच्या लोकांना फुटबॉलचं भारी वेड. मैदानाच्या एका अंगाला रुळांखालचे जुने लाकडी ओंडके टाकलेले असत. अलीकडचे पूर्णेकरांचे, पलीकडचे परभणीहून आलेल्यांचे. आम्हा बायकांसाठी कोपऱ्यात कनात बांधायचे. तिच्या भोकातून चेंडू पळताना दिसायचा. तो भोकाबाहेर गेला की त्याचं पुढे काय झालं ते पुरुषांच्या आरड्यावरून ओळखायचं. अशा तऱ्हेने मी कितीतरी सामने पाहिले, म्हणजे खरं तर ऐकले.

सोनाबाई मात्र कनातीत कधी आल्या नाहीत. मी एकदा भीत भीत विचारलं, तर म्हणाल्या, "ह्यांच्या घरात मी नको त्या वेळंला शिरते, तवा कुणी पडदा लावत न्हाई. मग हितंच कशाला?" त्या ओंडक्यांवर बसणाऱ्या निम्म्या लोकांची लेकरं त्यांच्या हातावर जन्मलेली, त्यामुळे कुणाला तोंड वर करून बोलता येत नव्हतं. त्या सदा दमलेल्या असत. डोळ्यांखाली काळं, लुगड्याला फिनेलचा वास. घरी जाऊन पडायचं सोडून इथे का येता, यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "दवाखान्यात वरडणं ऐकते ते दुखण्याचं. हितलं वरडणं लय बरं. त्यानं कुणी मरत न्हाई."

परभणीचा संघ आणि त्यांची माणसं दुपारच्या गाडीने यायची. संध्याकाळची गाडी येईपर्यंत सगळे फलाटावर बसायचे आणि हरलेल्यांनी जिंकलेल्यांना चहा पाजायचा, अशी रीत होती. परभणीकरांचे म्होरके कादरचाचा, टांगेवाले. पान थुंकायला सोयीची म्हणून ओंडक्याची कडेची जागा कायम त्यांची. चहाच्या वेळी फलाटावर सोनाबाईंशी त्यांची जुंपायची ती ऐकायला लोक मुद्दाम जवळ बसत.

"बाई, तुमचा गोलकीपर चेंडू बघून डोळे मिटायलाय," चाचा म्हणायचे.

"तुमच्या पोरांचे पाय बघवत न्हाईत चाचा, म्हणून मिटायलाय."

"या खुदा. चहा पाजता का टोमणे?"

"चहा आमचा हाय, टोमणे वरून फुकट."

मग दोघं बशीतून चहा ओतून गुमान प्यायची. दोन थकलेली माणसं. चाचांच्या बायकोचं दुखणं, घोड्याचा पाय, कुणाचं बाळंतपण अडलं, असलं काहीबाही मग निघायचं.

एकदा झरीकडच्या एका अडलेल्या बाईपाशी रात्र काढून सोनाबाई तशाच मैदानावर आल्या. बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागली. मध्यंतर झालं, दोन्ही संघांनी बाजू बदलल्या, बाईंना पत्ता नाही. एकदम आरडा झाला तशा त्या दचकून उठल्या. पहिल्या डावात आपली पोरं ज्या खांबांकडे धावत होती त्याच खांबांत चेंडू गेलेला दिसला. बाईंनी दोन्ही हात वर करून टाळ्या पिटल्या, "झाला रं माझ्या राजा." गोल पूर्णेवर झाला होता. सगळे पूर्णेकर मान खाली घालून बसलेले आणि मध्ये ह्या एकट्या नाचतायत.

त्या दिवशी पूर्णा त्याच गोलने हरली. फिटर दामूअण्णा पूर्णेकरांचे पुढारी. त्यांचा राग खेळाडूंना सोडून बाईंवर निघाला. "बायामाणसाला बसवलं की असंच व्हायचं," ते म्हणाले. "उद्यापासून तुमी कनातीत बसा." बाकीच्यांनी मान हलवली. दामूअण्णांची दोन्ही पोरं ह्याच बाईंच्या हातची, पण त्या वेळी कुणाला काही आठवलं नाही. बाई वहाणा घालायला लागल्या. पायात शिरेना म्हणून पुन्हा बसल्या. मला कनातीतून तेवढंच दिसत होतं, आणि मला रडू येत होतं. दमल्या जिवाला टेकायची तेवढी एकच जागा होती त्यांची.

तेवढ्यात पलीकडून कादरचाचा आले. "अण्णा, आमच्या गोलला जो टाळी वाजवतो तो आमचा. बाई आता परभणीच्या. चला बाई, हिकडं बसा." सोनाबाई उठल्या, वहाणा हातात घेतल्या आणि पलीकडे गेल्या. पुढच्या सामन्यापासून त्या परभणीकरांच्या ओंडक्यावर बसून पूर्णेसाठी ओरडायला लागल्या. चाचा कानावर हात ठेवायचे, पण उठा म्हणाले नाहीत.

पुढे ती वाईट वर्षं आली. आधी आम्हाला निजामाच्या माणसांची भीती, मग चाचांसारख्यांना आमच्या माणसांची. मैदानावर गवत वाढलं. निजामाचं राज्य गेलं, आणि थंडीत पुन्हा सामना ठरला. परभणीची पोरं दुपारच्या गाडीने आली, पण त्यांच्याबरोबर कुणी माणसं नव्हती. चाचा टांगा विकून हैदराबादकडे कुणा नातेवाइकाकडे गेले, एवढंच एका खेळाडूने सांगितलं. सोनाबाईंनी ते ऐकून घेतलं आणि नेहमीसारख्या पलीकडच्या ओंडक्यावर जाऊन बसल्या. एकट्याच.

परभणीने गोल केला. मैदान गप्प. तो पोरगा गोल करून इकडे तिकडे बघत उभा राहिला, कारण हाक द्यायला त्याचं कुणी नव्हतंच. आणि सोनाबाईंनी टाळ्या वाजवल्या. सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल अशा.

दामूअण्णा ओरडले, "बाई, पुन्यांदा झोपलात काय?"

"न्हाई अण्णा," त्या म्हणाल्या. "या खेपेला जागी हाय मी."

मला कसं सुचलं कोण जाणे, मी कनात उचलली आणि सगळ्यांच्या देखत मैदानाच्या कडेने चालत त्यांच्यापाशी गेले. नवरा बघत होता. मी कडेला बसायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला.

"तितं नको पोरी, ती चाचाची हाय," त्या म्हणाल्या. "हिकडं बस. पाय लांब कर."

मी त्यांच्या अलीकडे बसले आणि पाय लांब केले.