देव्हाऱ्यातले जर्मन मास्तर

माझ्या भाच्याने, म्हणजे दादाच्याच मुलाने, परवा मला एक जाडजूड पुस्तक दाखवलं. दादाच्या जर्मन मास्तरांवरचं. कुठल्या कुठल्या देशांतल्या विचारवंतांनी त्यांच्याकडून काय उचललं, कोण त्यांच्याशी भांडून पुढे गेलं, सगळं त्यात आहे म्हणे. मी विचारलं, "आमच्या आत्याचं आहे का रे काही त्यात?" हसला मेला. हसू दे. मी सांगणारच.

दादाला मुंबईच्या एका रंगाच्या व्यापाऱ्याने कारखान्यातलं काम शिकायला जर्मनीला पाठवलं होतं. संध्याकाळी हा तिथल्या विद्यापीठात जाऊन, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या या मास्तरांच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचा. पुढे तिकडे राज्य बदललं, मास्तरांना देश सोडावा लागला, आणि दादा आमच्या गावी, पोशीरला, परत आला तो त्यांचा एक फोटो आणि एक वेड घेऊन. कशाचाही विषय काढा, हा विचारणारच, "हे पावसासारखं वरून पडलंय, का माणसानं केलंय? केलं असेल, तर कुणाच्या सोयीसाठी?" गावाने त्याचं नावच 'जर्मन' पाडलं. मला मात्र तो बोलायला लागला की कोंदट खोलीची खिडकी उघडल्यासारखं वाटायचं. इतक्या लांबून असा प्रश्न आमच्या ओटीवर आणून ठेवणारे ते मास्तर केवढे असतील, असं मनात यायचं.

त्याच वर्षी आत्या, वडिलांची धाकटी बहीण, विधवा होऊन माहेरी आली होती. भातलावणीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. लग्नाआधी आमच्या शेतात रोपांची पहिली मूठ दर वर्षी तिचीच असायची. लग्नानंतरही लावणीला म्हणून ती हटकून यायची. पण विधवेने पहिली मूठ लावायची नाही, ही रीत. आता तिने बांधावर बसून नुसत्या मुठी बांधून द्यायच्या. आत्या मुठी अशा आवळायची की पाती तुटायची.

दादा वडिलांना भिडला. "आबा, ही रीत कुणी केली?"

"पूर्वापार हाय."

"पाऊस पूर्वापार हाय. ही आपण केलीय."

"तुझ्या जर्मनीत भात पिकतं का रं?" वडील म्हणाले, आणि उठून गेले. रोज हेच.

लावणी सुरू व्हायच्या आदल्या दिवशीच गुरुपौर्णिमा आली. आमच्या आईने काय करावं? दादाच्या ट्रंकेतून मास्तरांचा फोटो काढला, देव्हाऱ्यात ठेवला, गंध लावलं, वर जास्वंदीचं फूल वाहिलं. गुरू म्हटल्यावर आणखी काय करणार बिचारी! दादा असा भडकला की विचारू नका. "आई, आधी इचारा, मग माना, असं सांगणारा माणूस तो. त्यालाच तू देवात बसवलंस?" आणि त्याच तावात आत्याकडे वळला. "आत्या, उद्या पयली मूठ तूच लावायची. मास्तरांचा इचारच तसा हाय. मी सांगतो."

आत्या वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझा बाप सांगतो लावू नको. तुझा मास्तर सांगतो लाव. मला कुणी इचारलं का रं?"

मला वाटलं, दादा आता वाद घालणार. पण तो तिच्यासमोर खाली बसला. "चुकलो, आत्या. मास्तर असते, तर त्यांनी पयलं तुलाच इचारलं असतं. तुला काय पायजे?" शिष्याला असं बोलता यावं, याहून मोठी गुरुदक्षिणा मला तरी ठाऊक नाही.

"मला लावायची हाय," आत्या म्हणाली, आणि ढसाढसा रडली. "हात शिवशिवतात रं माझे."

दारात वडील उभे होते. खाकरले आणि गोठ्याकडे निघून गेले.

सकाळी बायका बांधावर खोळंबल्या. पहिली मूठ पडल्याशिवाय शेतात उतरायला कुणी तयार नव्हतं. आत्याने पदर खोचला आणि एकटीच चिखलात उतरली, रिकाम्या हाताने. मुठींची पाटी वडिलांपाशी होती. आई तोंडाला पदर लावून उभी. दादा काहीतरी बोलणार होता, मी त्याचा हात दाबला. मास्तर तेव्हा कुठल्या परक्या शहरात असतील देव जाणे. पोशीरचं नावही कधी त्यांच्या कानावर गेलं नसेल.

मग वडील पाटीतली एक मूठ उचलून स्वतः चिखलात उतरले आणि ती आत्यापुढे धरली.

"लावशील का गं, बाय?" त्यांनी विचारलं.