वेळेवर सुटलेली बोट

रुपराव ठवकरांनी आजवर तीनशे बारा गुन्हे घडू दिलेले नाहीत. त्यात चोऱ्या बहुसंख्य, अपहरणं एकोणतीस, दीपस्तंभाला लावलेल्या आगी सहा आणि बाकी किरकोळ फसवणुकी. हे सगळे गुन्हे समुद्राकाठी घडायचे होते. रुपराव राहतात नागपुरात, उमरेड रोडला दिघोरीजवळ, आणि समुद्र त्यांनी अजून पाहिलेला नाही.

गुन्हे घडायचे होते ‘तीन टापू’ नावाच्या कार्टूनमध्ये. मालिका परदेशी, हिंदीत डब केलेली, सत्तावीस वर्षं चालू. जुगनू, पिंगी आणि डब्बू ही तीन भावंडं तीन बेटांवरची रहस्यं उलगडतात. सोबत हवालदार नावाची बकरी. भावंडं सत्तावीस वर्षं सहावीत आहेत, बकरी तितकीच वर्षं पुरावे खाते आहे, आणि शाळेची चौकशी करावी असं कुणालाही वाटलेलं नाही.

रुपरावांना हा नाद नातीमुळे लागला. मयुरा तिसरीत असताना शेजारी बसून त्यांनी पहिला भाग पाहिला. मयुरा आता दहावीत आहे आणि आपण असलं काही कधी पाहत होतो हेच ती नाकारते. रुपराव मात्र पहिल्या भागातून अजून बाहेर आलेले नाहीत.

त्या भागात धुक्यामुळे बोट वीस मिनिटं उशिरा येते. तिन्ही भावंडं धक्क्यावर ताटकळतात. तेवढ्यात समोरच्या दीपस्तंभातला दिवा विझताना त्यांना दिसतो, आणि तिथून पुढे सत्तावीस वर्षांची रहस्यं सुरू होतात. इतर प्रेक्षक दिवा का विझला म्हणून पुढे पाहत राहिले. रुपरावांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि विचारलं, “वीस मिनिटं लेट? अन् नोंद कोनी केली?”

त्यांचाही इलाज नव्हता. रुपराव आधी एसटीत कंडक्टर होते आणि नंतर निवृत्त होईपर्यंत वाहतूक नियंत्रक. तालुक्याच्या स्टँडवर जाळीच्या खिडकीआड बसून कोणती गाडी कधी आली, कधी सुटली, किती उशिरा आणि का, हे वहीत लिहायचं आणि माइकवरून ओरडायचं. ज्या दिवशी वहीतला शेऱ्याचा रकाना कोरा राहिला, तो त्यांचा चांगला दिवस. नोकरीतले बहुतेक दिवस त्यांनी चांगले नेले, असं त्यांचं म्हणणं होतं.

नागपूरच्या महाल भागातल्या एका ग्रंथालयाच्या माडीवर ‘तीन टापू’च्या चाहत्यांचं मंडळ भरतं. पंधरा दिवसांतून एकदा, रविवारी सकाळी अकराला. रुपराव अकराला वीस कमी असताना येतात आणि बाकीचे येताना घड्याळाकडे पाहतात. सभासद बारा. कॉलेजची मुलं, एक दातांचे डॉक्टर, एक बँकेतले साहेब. रामाजी बावनकुळेही त्यांतलेच. ते निवृत्त कंडक्टर, रुपरावांचे चाळीस वर्षांचे दोस्त. रामाजींना मालिकेत फारसा रस नाही, पण डॉक्टरांच्या घरून येणाऱ्या सांबारवडीत आहे. हिवाळ्यात सांबार, म्हणजे कोथिंबीर, स्वस्त झाली की त्यांची हजेरी पक्की असते.

मंडळाचं मुख्य काम म्हणजे पर्यायी इतिहास. अमुक झालं नसतं तर? बकरी पहिल्याच भागात खाटकाने नेली असती तर? पिंगी सहावी पास झाली असती तर? बँकेतल्या साहेबांनी दीपस्तंभ खासगी कंपनीकडे गेला असता तर काय, हे सोळा पानांत लिहिलं होतं. ते वाचून दोन मुलांनी मंडळ सोडलं.

नियम तीन. बदल एकच करायचा. त्यानंतरचं सगळं त्या एका बदलातूनच यायला हवं. आणि शेवटी भावंडांना निदान एक रहस्य मिळालंच पाहिजे. या नियमांची राखण रितिका करते. ती कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि समोर साक्षीदार नसला तरी उलटतपासणी घेते.

मालिकेच्या सत्तावीस वर्षांनिमित्त मंडळ जानेवारीत एक पुस्तिका छापणार होतं. मतदानात मंजूर झालेले इतिहासच तिच्यात जाणार. रुपरावांनी आपलं नाव छापून येणार हे आधीच दिघोरीत, वाडीला भाच्याकडे आणि सासुरवाडीला, म्हणजे भिवापूरला, कळवून टाकलं होतं. मंजुरी तेवढी बाकी होती.

तीन वेळा ती मिळाली नाही.

“काका,” तिसऱ्या वेळी रितिका म्हणाली, “तुम्ही बोट वेळेवर आणता. पोरं घरी जातात. दिवा विझलेला कोणाला दिसत नाही. मग?”

“मंग काही नाई. जेवतात, झोपतात.”

“आणि पुढचे तीनशे बारा भाग?”

“होतच नाईत!” रुपरावांनी सोबत आणलेला तक्ता उलगडला. एक बोट वेळेवर आल्याने पुढची प्रत्येक भानगड कशी टळते, हे त्यांनी चार महिने खपून भागवार मांडलं होतं.

“काका, तुमच्या इतिहासात सिरियलच मरते. तिसरा नियम. एक तरी रहस्य द्या.”

“पन बाई, गाडी वेळेवर असल्यावर रहस्य येईन कुठून?”

“ते तुम्ही शोधा. शेवटची बैठक अठ्ठावीस तारखेला. त्यानंतर छापखाना.”

मागून रामाजी सांबारवडीचा तुकडा मोडत म्हणाले, “काय गा कंट्रोलर, चारवेळा नापास झाल्यावर सहावीतूनबी काढून टाकते बरं.”

रुपराव घरी आले तेव्हा कौशल्याबाई अंगणात उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि शेंगांचं अर्धं टोपलं पुढे सरकवलं.

“नाई झाला मंजूर?”

“त्याईले गुन्हा पायजे. बोट वेळेवर आली तर गुन्हा कसा होईन? तूच सांग वं.”

“अठ्ठावन वर्सं पुरी होवोस्तर स्टँडवर काही घडू नाई देलं. आता कार्टूनातबी घडू देत नाई. बकरीनं तरी जगाव कसं?”

“मजाक नको करू. वेळेवरची गाडी म्हनजे बिनभानगडीची गाडी. पस्तीस वर्सं पाह्यलं मी.”

कौशल्याबाईंनी एक शेंग सोलली, दाणे टोपल्यात टाकले, मग म्हणाल्या, “पाच चाळीसची?”

रुपरावांनी टोपल्यातली एक शेंग उचलली.

“बाप्पा, विसरले का? माह्या मामाले विचारा, त्याले आठवते.”

विसरण्यासारखी गोष्ट नव्हती. सव्वीस वर्षांपूर्वी, नियंत्रक होऊन रुपरावांना पंधरा दिवस झाले होते. पहाटेची पाच चाळीसची नागपूर गाडी. कागदावर पाच चाळीस. प्रत्यक्षात ती कायम पाच पंचावन्नला सुटायची आणि हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं. दूधवाला त्या हिशेबाने यायचा, मास्तर त्या हिशेबाने दाढी करायचे. रुपरावांनी ठरवलं, हे आता चालणार नाही. ठीक पाच चाळीसला त्यांनी शिट्टी मारली. गाडीवर कंडक्टर होते रामाजी. ते म्हणाले, “अबे, लोक चहा पिऊन राहिले.” रुपराव म्हणाले, “कागद पाह्य.” दोघांनी आदल्या महिन्यापर्यंत शेजारी शेजारी तिकिटं फाडली होती, पण आता एक जण जाळीच्या आत होता.

गाडी सुटली. आत सात माणसं, त्यांतले दोघं नुसते झोपायला चढलेले. टपावर भिवापुरी मिरचीचं एक पोतं होतं. ते चढवून कौशल्याबाईंचे मामा चहाला गेले होते. त्यांचं चुकलं असं म्हणता येणार नाही, पंधरा मिनिटं रोजच मिळायची. पोतं एकटंच नागपूरला पोचलं. कुणाचं, कुणालाच सांगता येईना. पोत्याचं तिकीट फाडलेलं नव्हतं, कारण मालक चढल्यावर रामाजी ते फाडणार होते. दोन दिवस पोतं स्टँडच्या कोपऱ्यात पडून होतं आणि येणारा-जाणारा ठसकत होता. रामाजींना लेखी खुलासा द्यावा लागला, वर मेमो मिळाला. रुपरावांच्या वहीत त्या दिवशी नोंद होती: गाडी वेळेवर. शेरा नाही.

रामाजी तेव्हापासून म्हणत आले की तो मेमो रुपरावचा होता, आपण फक्त सही केली. रुपराव तेव्हापासून म्हणत आले की वही पाहा.

“मामाची चूक होती,” रुपराव आताही म्हणाले.

“असंन. पन गाडी टायमावर सुटली अन् गावभर बोंब झाली. तुमाले भानगडच पायजे होती ना? ती घ्या.”

रुपराव उठले ते थेट टेबलापाशी गेले. शेंगा तशाच राहिल्या. चार महिन्यांचा तक्ता त्यांनी पालथा घातला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं.

दोन दिवसांत झालं. नव्या इतिहासात बोट वेळेवर येते आणि वेळेवर सुटते. वर्षानुवर्षं तिच्या उशिराचा हिशेब धरून जगणारी बेटं त्या सकाळी फसतात. पंधरा माणसं धक्क्यावर राहतात आणि एक लाकडी पेटी मालकाशिवाय पलीकडे पोचते. पेटी कुणाची? आत काय? भावंडं शोध घेतात, बकरी पेटीवरचं लेबल खाते. गुन्हेगार कुणीच नसतो. असतो एक बंदरमास्तर, शिट्टी मारणारा, आणि शेवटी तो कबूल करतो की वेळ बरोबर होती पण शिट्टी चुकली.

हे शेवटचं वाक्य लिहायला त्यांना अख्खी दुपार लागली. ते वाक्य काढलं तर रहस्य सुटत नव्हतं. ठेवलं तर अठ्ठावीस तारखेला ते रामाजींसमोर वाचावं लागणार होतं.

त्यांनी ठेवलं. छापील नावाचा मोह मोठा असतो.

अठ्ठावीसला रुपरावांनी उभं राहून वाचलं. पेटी पोचली तेव्हा खोलीतली कुजबुज थांबली. वाचून झालं तशी रितिकाने वहीत काहीतरी खरडलं.

“बदल एकच. ठीक. रहस्य आहे. ठीक. पण काका, एक बोट वीस मिनिटं आधी सुटली—”

“आधी नाई. वेळेवर.”

“वेळेवर सुटली. तेवढ्यानं इतका गोंधळ? हे पटायला दाखला लागेल.”

हीसुद्धा मंडळाची रीत. न पटणाऱ्या गोष्टीला दाखला द्यायचा, मालिकेतला किंवा आयुष्यातला. रुपरावांनी आधी मालिकेतला शोधला. सत्तावीस वर्षांत तिथे एकही बोट वेळेवर सुटलेली नव्हती.

त्यांनी रामाजींकडे पाहिलं. रामाजी बशीत वडी घेऊन बसले होते, खात नव्हते.

“दाखला आहे,” रुपराव म्हणाले. आणि पाच चाळीसची गाडी सांगितली. स्टँडचं नाव सांगितलं नाही, बाकी सगळं सांगितलं. पोतं सांगितलं, ठसका सांगितला, मेमो कुणाला मिळाला तेही. मग वेळापत्रक वाचताना लावायचे त्या आवाजात म्हणाले, “वहीत मी शेरा नाई लिहिला. लिहायले पायजे होता. मेमो माहा होता.”

दातांचे डॉक्टर उगाच खिडकीकडे पाहू लागले.

“मतदान,” रितिका म्हणाली.

रुपराव सोडून अकरा जण. बाजूने सात हात वर झाले, विरोधात चार. इतिहास मंजूर. विरोधातल्या एकाला बकरीचं काम कमी वाटलं होतं, दोघांना गुन्हेगार हवा होता. चौथा हात रामाजींचा होता.

“रामाजीकाका? तुमचं कारण?”

रामाजींनी बशी खाली ठेवली. “बोट टायमावर सुटली, हे मान्य. मी सोता होतो त्या बोटीवर. मिरचीचा बोरा एकटा गेला, मान्य. पन कंट्रोलर कबूल करते का माही शिट्टी चुकली म्हनून?” त्यांनी मान हलवली. “सव्वीस वर्सं लागतात बाप्पा त्याले. तिथं एका भागात उरकलं. हे काही पटत नाई मले.”

खोली हसली. रुपराव हसले नाहीत. ते टेबलापाशी गेले आणि रितिकाच्या वहीवर बोट ठेवून म्हणाले, “ही हरकत लिही. अन् छाप. माह्या इतिहासाच्या खाली, त्याच्या नावानिशी.”

“काका, विरोधातली मतं छापायची पद्धत नाही आपल्याकडे.”

“मंग शेऱ्याच्या रकान्यात टाक.”

“पुस्तिकेत असा रकाना नाहीये.”

“करा.”

रितिकाने मंडळाकडे पाहिलं. मंडळाचा विरोध नव्हता. रामाजींनी बशी पुन्हा उचलली आणि आपलं आडनाव नीट लिहा म्हणून बजावलं.

पुस्तिका जानेवारीत निघाली. पान एकोणचाळीसवर रुपराव ठवकरांचा इतिहास आहे आणि त्याखाली बारीक टायपात रामाजी बावनकुळे यांची हरकत, चार ओळींची. रामाजींनी पाच प्रती नेल्या. घरी येईल त्याला ते ती हरकत मोठ्याने वाचून दाखवतात. वरचा इतिहास त्यांनी अजून पुरता वाचलेला नाही.