दगडीपाला आणि आबांचं पोट

दगडीपाल्याला आमच्याकडं कुणी औषध म्हणून मान देत नाही. बांधावर पाय ठेवाल तिथं तो उगवलेला असतो. शेळी तारेला फाटली की आबा, म्हणजे माझे वडील, त्याची चार पानं तळहातावर चोळून रस जखमेवर पिळायचे. माझ्या फुटलेल्या गुडघ्यांवरही तोच रस पडला आहे. शेळ्या आणि मी यांत त्यांनी कधी भेदभाव केला नाही.

धाराशिवला औषधशास्त्र शिकताना प्रबंधासाठी मी तोच पाला घेतला. सावलीत वाळवला, अर्क काढला, परीक्षानळीत मॅग्नेशियमचा तुकडा टाकून आम्ल थेंबथेंब सोडलं. हिरवट-पिवळा अर्क बघता बघता गुलाबी झाला. फ्लॅव्होनॉइडची ही खूण पुस्तकात कितीदा वाचली होती, तरी अंगावर काटा आला. ऊन सोसायला, कीड हटवायला झाड जे गुपचूप स्वतःसाठी बनवतं, ते माझ्या हातात रंग होऊन उतरलं होतं. आणि असलं झाड आम्ही जन्मभर तुडवत आलो!

पुढं उंदरांची पाळी. दुखणं थांबवणाऱ्या गोळीतलंच औषध जास्त देऊन आम्ही त्यांच्या पोटात व्रण पाडायचो. पाला न दिलेल्यांच्या जठरावर लाल-काळे चट्टे होते. पाला दिलेल्यांचं अस्तर जवळजवळ स्वच्छ होतं. मी भिंगातून पुन्हा पुन्हा बघत राहिले, डोळे भरून आले. हात धुतले आणि फोन लावला, "आबा, तुमच्या पाल्यानं पोटातली जखम भरती!"

हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, ती मेंढी मीच. आबांना स्वतःलाच पोटात व्रण होता. उमरग्याच्या डॉक्टरांची गोळी रोज उपाशीपोटी चालू होती. गुडघेदुखीची गोळी बंद करा असं बजावूनही ते चोरून घ्यायचे. मला हे सगळं ठाऊक होतं.

पंधरवड्यानं सकाळी त्यांचा फोन आला. आवाज बारीक, पण खुशीत.

"बाई, पाला लई लागू पडला बघ. डाक्टरची गोळी सोडून दिली म्या. सकाळ-संध्याकाळ वाटीभर रस पितो."

"आन् गुडघ्याची गोळी?"

"ती चालूच हाय. पोटाला आता पाला हाय की."

"लागू पडला कशावरनं म्हणता?"

"परसाकडं काळं होतंय, डांबरावानी. शेळी हिरव्यावर गेली की लेंडी काळी पडती न्हवं? तसंच. अंगी लागतोय पाला."

लेंडी बघून शेळीचं दुखणं ओळखणारा माणूस स्वतःचं रक्त ओळखायला चुकला होता. "आबा, रक्त हाय ते! आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जावा," मी ओरडले. लगेच शेजाऱ्यांना फोन लावला, त्यांनी आबांना गाडीत घातलं. एसटीनं मी उमरग्याला पोचले तेव्हा रक्ताची दुसरी बाटली लागली होती. आबांचे ओठ पांढरे पडले होते, आणि मला माझ्या त्या फोनची शरम वाटत होती.

दुर्बिणीनं तपासलं तेव्हा पडद्यावर तो व्रण दिसला, रक्ताळलेला खड्डा. दोन-अडीच महिने गोळ्या घेतल्यावर पुन्हा दुर्बीण घातली. त्याच जागी आता फिकट वण होता आणि भोवती नवं गुलाबी अस्तर. गोळीनं आम्ल आवरलं होतं, बाकीचं पोटानं स्वतःच गुपचूप भरून काढलं होतं. त्या पडद्याला हात जोडावेसे वाटले.

बाहेर बाकावर बसल्यावर आबांनी विचारलं, "पाल्यानं भरली का गोळीनं?"

"गोळीनं. पाला अजून उंदरांपुरताच हाय, आबा. माणसापतूर यायला लई वर्षं लागतील. कदाचित यायचा बी न्हाय."

"लई म्हंजी किती?"

"धा. पंधरा बी."

आबांनी गोळ्यांची पुडी खिशात घातली.

"लागू दे. तवर गोळी खातो आन् थांबतो मी."