कैरी हिरवी की पिवळी

ये, पत्रातच अशी जवळ सरक, कान धरायचाय तुझा. भाची म्हणवतेस आणि फोनवर विचारतेस, "मावशी, बालवाडी का गं बंद केलीस?" असलं फोनवर सांगतात होय? लिहूनच सांगते.

आमच्या गल्लीत, घडियाळी पोळात, माझ्या पुढच्या खोलीत शेवटी दोनच मुली उरल्या होत्या. एक समोरच्या गुजराती घरातली. दुसरी नाशिकची, वडील रेल्वेत, बदली होऊन इकडे आलेले. ही आली ती बोलेचना. मीही खोदून विचारलं नाही. खडू, चिंध्या, चिंचोके पुढ्यात ठेवायचे आणि पोरं काय करतात ते बघत त्यांच्यामागून जायचं, एवढंच मला येतं. कुठे शिकलेय मी?

एकदा समोरचीनं खडूनं पिवळीधमक केरी काढली. ही एकदम ओरडली, "कैरी हिरवी असते, वेडे!"

"ना! केरी तो पीळीज होय!"

जुंपली की दोघींची! आपली कैरी म्हणजे कच्ची, गुजरातीत पिकला आंबासुद्धा केरीच. मी सांगितलं नाही. भांडायला का होईना, पोर बोलत होती ना! म्हटलं, चला मांडवीच्या बाजारात. घट्ट हिरव्या कैऱ्या आणल्या, गवतात घालून कोपऱ्यात अढी लावली. रोज आल्या आल्या दोघी गवत उचकायच्या, वास घ्यायच्या. "आजी, हिचं पोट पिवळं झालं!"

नाशिकच्या पोरीची आई न्यायला आली. "आजी, अजून आंबेच? जूनमध्ये शाळेत एबीसीडी लिहून दाखवायचीय."

"अगं, बोलायला लागली बघ ती."

"बोलते हो, पण लिहीत कुठेय?" रागानं नाही, काळजीनंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी पोरीला शिकवणीला घातलं.

समोरची आली, दारातूनच विचारलं, "ए क्यां छे?" मैत्रीण कुठे दिसेना, तशी माघारी गेली. एकटीनं कुणाशी भांडायचं? तीही येईनाशी झाली.

आंबे पिकले. चिरून वाट्या दोन्ही घरी दिल्या. कोण जिंकलं, हे त्यांनी एकमेकींना विचारलं का, कळलं नाही.

अजून सकाळी सवयीनं सतरंजी अंथरते. मग चहा घेऊन मीच बसते तिच्यावर. खोली फार मोठी वाटते गं.

तूही आता लहान मुलांना शिकवतेस. तुझी पोरं कशाकशावरून भांडतात, ते ऐकायचंय मला. फोनवर नको. या रविवारी जेवायलाच ये.