ज्याचं माणूस, तो बाहेर

दिवसभर दुसऱ्यांच्या खिडक्या झाकणारी बाई एका औषध-संशोधन संस्थेची अध्यक्ष आहे, असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो. हसेना का! तिला स्वतःलाही सुरुवातीला हसूच यायचं. पेठेच्या टोकाला तिचं पडद्यांचं दुकान. आत शिवणयंत्र, भिंतीला टेकवलेले कापडाचे तागे आणि नवरा बहुतेक वेळा शिडी खांद्यावर घेऊन कुणाच्या तरी घरी दांड्या ठोकायला गेलेला. गिऱ्हाइकं तिला पडदेवाली म्हणायची. संस्थेत पाय ठेवला की तीच 'अध्यक्षबाई' व्हायची. "तिथे सगळे मला अहो-जाहो करतात, आणि घरी आले की तुम्ही विचारता, चहा कुठाय," असं ती नवऱ्याला ऐकवायची.

आता ही संस्था काय, ते सांगायला हवं. एक आजार आहे. लहान वयातच हातापायांतलं बळ झिजायला लागतं. आधी जिना अवघड होतो, मग चमचा, मग श्वास. रोगी मूठभर, त्यामुळे मोठ्या औषध कंपन्या ढुंकूनही बघत नव्हत्या. शेवटी ज्यांच्या घरात हा आजार होता तीच माणसं एकत्र आली, ओळखी-पाळखीच्यांपुढे पदर पसरला आणि एक पैचाही नफा न घेणारी संस्था उभी केली. एका बंद पडलेल्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर प्रयोगशाळा आणि तिच्या शेजारी बैठकीची खोली. संचालक मंडळही त्याच घरांतलं. निवृत्त मास्तर, त्यांचा नातू आजारी. टॅक्सीवाला, त्याच्या दोन्ही मुली आजारी. वकीलबाई, तिचा धाकटा भाऊ आजारी. आणि पडदेवाली, तिची शिट्टी.

शिट्टी म्हणजे तिची मुलगी. आवाज असा की तिसऱ्या घरातली झोपलेली म्हातारी उठून बसावी, म्हणून ते नाव. पाय गेले तरी आवाज शाबूत होता. चाकांच्या खुर्चीत बसून दुकानभर हुकूम सोडायची, "आई, त्या काकूंना तो हिरवा दाखवू नकोस, त्यांच्या भिंती आधीच हिरव्या आहेत!" काकू ओशाळायच्या, पण कापड शिट्टी म्हणेल तेच न्यायच्या. मग हळूहळू तो आवाजही बसत गेला. गेल्या थंडीत शिट्टी गेली.

पडदेवालीने राजीनामा द्यायचं ठरवलं होतं. लोकही म्हणत होते, "आता काय राहिलंय तिथे तुझं?" पण मास्तर घरी आले, चहा घेतला आणि उठताना म्हणाले, "बाई, आम्हाला सोडून जाऊ नका." पुढच्याच बैठकीत सगळ्यांनी मिळून तिला अध्यक्ष केलं. घरातली ती रिकामी खुर्ची बघत बसण्यापेक्षा हे बरं, असं म्हणून तीही हो म्हणाली.

मंडळाचे दोन नियम होते. पहिला, मंडळावर फक्त आजाऱ्यांच्या घरचीच माणसं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, हा त्यामागचा हिशोब. दुसरा नियम वकीलबाईंनी घालून दिला होता. ज्या विषयात आपलं माणूस अडकलंय, त्या विषयाला आपण उठून बाहेर जायचं. माया आंधळी असते, तिच्या हातात मत द्यायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. बाहेर जिन्यापाशी एक लाकडी बाक होता. प्रत्येकजण कधी ना कधी त्या बाकावर बसून आला होता. "ज्याचं माणूस, तो बाहेर," असं टॅक्सीवाला गमतीनं ओरडायचा आणि स्वतःच आधी उठायचा. पण हे दोन नियम एकमेकांसमोर उभे राहिले तर काय होईल, हे एवढ्या शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. वकीलबाईंच्यासुद्धा!

ते त्या दिवशी झालं.

संस्थेच्या नव्या औषधाची चाचणी चालू होती. मंडळातल्या प्रत्येकाच्या घरचं आजारी पोर त्यात होतं, जाईपर्यंत शिट्टीही होती. अर्ध्या मुलांना खरी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी पण नुसती पिठाची. कुणाला कुठली, ते आईबापांना ठाऊक नाही, गोळी देणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. फक्त बाहेरच्या तज्ज्ञांची एक समिती मधूनमधून आकडे तपासायची. त्या समितीचा निरोप आला होता आणि संशोधनप्रमुख डॉक्टरांनी तातडीची बैठक बोलावली होती. सगळ्यांचे चेहरे उतरलेले. तातडीनं बोलावलं म्हणजे औषध बाधलं असणार, दुसरं काय! आजवर चांगली बातमी कधी एवढ्या घाईनं आली होती?

डॉक्टरांनी घसा साफ केला. "विषय चाचणीचा आहे. नियमाप्रमाणे..."

मास्तर उठले. वकीलबाई उठली. टॅक्सीवाला उठला, आज न ओरडता. पडदेवालीही सवयीनं उठली. पिशवी खांद्याला लावली, खुर्ची आत सरकवली आणि त्यांच्या मागोमाग दारापर्यंत गेली.

वकीलबाई दारातच थांबली. तिनं पडदेवालीच्या दंडावर हात ठेवला.

"काय गं?" पडदेवाली म्हणाली.

"ताई... तुम्हाला नाही जावं लागणार."

एवढंच. पडदेवालीला आधी कळेचना. मग कळलं, आणि कुणीतरी कानाखाली वाजवावी तशी ती जागच्या जागी उभी राहिली. तिचं माणूस आता कुठल्याच यादीत नव्हतं. शिट्टी गेली हे तिला रोज सकाळी डोळे उघडताना कळत होतंच, पण असं चारचौघांत, नियमानं, आजवर कुणी सांगितलं नव्हतं. वकीलबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. दार लागलं. एवढ्या मोठ्या टेबलाशी ती एकटी आणि समोर डॉक्टर.

"सांगा," ती म्हणाली. "बाधलं ना?"

"नाही बाई," डॉक्टर म्हणाले. "लागू पडलंय. खरी गोळी घेणारी मुलं ढासळायची थांबलीत. काही तर सुधारताहेत. समिती म्हणतेय, चाचणी इथेच थांबवा आणि सगळ्यांना खरं औषध द्या. पण मंडळाचं मत लागतं. आता मंडळ म्हणजे तुम्हीच."

तिला काहीच वाटलं नाही. खरंच काही नाही. वाईट बातमीसाठी तिनं मन घट्ट करून ठेवलं होतं. चांगलीसाठी तिच्याजवळ काही तयारीच नव्हती. तिनं विचारलं, "माझी शिट्टी कुठल्या बाजूला होती?"

"बाई, ते आत्ता कशाला..."

"सांगता येतं का नाही?"

"येतं. तिची नोंद उघडलीय." डॉक्टरांनी मान खाली घातली. "पिठाच्या."

पिठाच्या! तिच्या डोळ्यांपुढे त्या सगळ्या संध्याकाळी उभ्या राहिल्या. शिट्टीला गिळता येत नव्हतं, तेव्हा केळ्यात कुस्करून भरवलेली गोळी. तोंड फिरवलं की रागावणं. "घे म्हणते ना! ह्याच्यावर तर सगळं आहे आपलं!" आणि पोरीनं डोळे मिटून, आईसाठी म्हणून, गिळलेलं ते पीठ. वर आपणच तिला सांगायचो, बघ, कालच्यापेक्षा हात वर जातोय. पोरगी हो म्हणायची. देवा रे, पोरगी हो म्हणायची!

"समजा नाही थांबवलं तर?" तिनं विचारलं. हे आपणच विचारलं, यावर तिचा विश्वास बसेना.

"तर ठरलेल्या मुदतीपर्यंत चालेल. पुरावा आणखी पक्का होईल, परवानगी मिळायला सोपं जाईल. मंडळानं तसं ठरवलं तरी नियमात बसतं. पण पीठ घेणारी मुलं तोवर..." ते थांबले.

आणि त्या क्षणी तिच्या मनात आलं, चालू दे. माझ्या पोरीनं जे भोगलं ते आणखी कुणी भोगलं तर आभाळ कोसळणार आहे का? माझ्या वेळी कुठे कुणाला घाई होती? स्पष्ट, धडधडीत शब्दांत आलं. आलं आणि तिच्या अंगावर सरसरून काटा उभा राहिला. बाहेर बाकावर बसलेली माणसं शिट्टीच्या अंत्ययात्रेत खांदा द्यायला आलेली. टॅक्सीवाल्यानं महिनाभर तिच्या घरी डबा पोचवला होता. आणि आपण त्यांच्या लेकरांवर दात धरतोय? आपण? तिनं टेबलाची कड घट्ट धरली.

"थांबवा," ती म्हणाली. "आज संध्याकाळची गोळी खरीच जाऊ दे सगळ्यांना. काय सही लागते ती आणा."

सही झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बाहेर मी सांगू का?"

"नको. अध्यक्ष मी आहे."

बाकावरची तिघं तिला बघताच ताडकन उभी राहिली. टॅक्सीवाल्याच्या घरचं सगळ्यांना माहीत होतं. थोरली हल्ली भिंतीला धरून उभी राहायची, धाकटीला मात्र मान सावरता येत नव्हती. एकाच घरात, एकाच ताटात जेवणाऱ्या बहिणी. त्यावर कुणी काही बोलत नसे. तो कधीच बोलला नव्हता.

"औषध लागू पडलंय," पडदेवाली म्हणाली. "चाचणी थांबवली. आजपासून सगळ्या मुलांना खरी गोळी. तुझ्या धाकटीलासुद्धा."

मास्तर मटकन बाकावर बसले. वकीलबाईनं तोंडावर हात दाबला. टॅक्सीवाल्याचं तोंड उघडलं, सगळा चेहरा फुलत आला, आणि तेवढ्यात त्याची नजर हिच्या चेहऱ्यावर गेली. झालं! तो चेहरा तिथल्या तिथे मिटला. तिघांनीही माना खाली घातल्या. दुखवट्याला आल्यासारखी झाली.

"ताई," टॅक्सीवाला पुटपुटला, "शिट्टीला..."

"पीठ होतं," ती म्हणाली.

टॅक्सीवाला पुढे आला आणि तिच्या पायाशी वाकायला लागला. तिनं त्याला दंडाला धरून सरळ उभं केलं. आणि मग ती भडकलीच.

"तोंडं कसली पाडताय रे? मेल्यांनो, पोरं जगणारेत तुमची! माझ्यासमोर हसायला लाजता? माझ्या पोरीनं ते पीठ गिळलं म्हणून तर कळलं ना, खरं कुठलं आणि खोटं कुठलं? मग तिच्या आईसमोर नाही हसायचं, तर कुणासमोर?" तिचा आवाज फाटला. "हस, भाऊ. हस म्हणते ना!"

टॅक्सीवाला तिच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या घशातून कसलासा आवाज आला, आणि तो हसायला लागला. नाकातोंडातून पाणी, खांदे गदगदताहेत, शर्टाच्या बाहीनं डोळे पुसतोय आणि हसतोय. थांबताच येईना त्याला. पडदेवालीचा हात त्याच्या दंडावर तसाच होता. तिनं नजर वळवली नाही. त्याचं हसू संपेपर्यंत ती ते बघत उभी राहिली.