रेषेच्या आत

सालेकशाकडच्या आमच्या शाळेत खेळ शिकवणाऱ्या बाई तोंडातली शिट्टी न काढताच बोलतात. अर्धे शब्द येतात, अर्धी हवा. मुलींना सगळं कळतं. मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवते, मला निम्मंच कळतं.

खो-खोची आमची कप्तान एकोणीस वर्षांची, बारावीतली. लग्नानंतरही खेळत होती. तिला दिवस गेले तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "टीममधून नाव काढा." तिची सासूही तेच सांगायला मैदानावर येऊन उभी राहिली. खरं तर धाकधूक मलाही होती.

त्या दिवशी बाईंनी शिट्टी तोंडातून काढली.

"मागच्या हप्त्यात ही तुमच्या बांधीत दिवसभर चिखलात वाकून धानाचा रोवणा करून राहिली होती," त्या सासूला म्हणाल्या. "तवा तिच्या पोटाची फिकर काऊन नाही झाली?"

मग बाईंनी सुनेला स्कूटीवर बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाठलाग आणि सूर मारणं बंद करायला सांगितलं, चालायला हरकत नाही म्हणाले. बाईंनी सूर बंद केले, पण नाव काढलं नाही.

आता सरावाच्या वेळी कप्तान मैदानाभोवती चालते आणि कोण कुठे चुकतंय ते ओरडून सांगते. काल ती दमली आणि झाडाखालच्या ओट्याकडे निघाली. बाईंनी स्वतःची खुर्ची उचलली, चुन्याची रेषा ओलांडून मैदानाच्या कोपऱ्यात ठेवली.

"बस," त्या म्हणाल्या, "पण इथं."

शिट्टी तोंडातच होती, तरी या वेळी मला सगळं कळलं.