राशीपाशी आलेली माणसं

गौरीचा फोन आला तेव्हा मी केडगावच्या चौकात मेथीच्या जुडीवरून भाजीवालीशी हुज्जत घालत होते. माझी ही भाची शब्दांची भारी कंजूष. "आत्या, बाबा गेले. कारखान्यातच. खुर्चीत बसल्या बसल्या," एवढंच म्हणाली आणि थांबली. मी मेथी तिथेच टाकून रिक्षा पकडली. नागापूरला पोचेपर्यंत मनाशी एकच चाललं होतं, की दादा आणि बसलेला... हा माणूस खुर्चीत बसला तरी कधी? आता महिना उलटून गेला. रडून झालं, दिवसकार्य झालं. पण खरं सांगते, दुखवट्याला आलेली निम्मी माणसं जाताना हसत गेली, कारण ज्याच्या त्याच्याकडे दादाचा एखादा किस्सा होताच. माझ्याकडे तर सगळ्यात मोठा आहे, आणि तो लिहून ठेवला नाही तर माझ्या पोटात राहायचा नाही.

भास्करदादा माझा थोरला भाऊ. शेवगावजवळ आमची थोडी जमीन, ती सुमनवहिनी बघायची. दादाचा जीव मात्र नागापूरच्या एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये. उभं आयुष्य त्याने मोठ्या कंपन्यांसाठी पार्ट कातले. कुठल्या यंत्रात बसणार, कुठे जाणार, काही ठाऊक नसायचं. पन्नाशी जवळ आली तशी त्याला एकच आस लागली, की एक तरी यंत्र असं करायचं, पहिल्या नटापासून शेवटच्यापर्यंत स्वतःचं, आणि ते लांब कुठेतरी कुणाच्या तरी शेतात चालताना बघायचं. त्यातून त्याने छोटं मळणीयंत्र केलं. दोन माणसांनी उचलावं, बांधावरून न्यावं, आणि चाळण बदलली की ज्वारी, बाजरी, नाचणी काहीही मळावं, असं. पुढे पत्र्याची पट्टी आणि तिच्यावर ठसठशीत अक्षरांत 'भास्कर'. मी म्हटलं, अरे, स्वतःचंच नाव? तर म्हणाला, "मंग काय तुजं घालू, शालू? लोक म्हनतील मास्तरीन हाय, धान्य सोडून मानसांनाच झोडपंल."

मी शाळेत भूगोल शिकवत होते. विकसित देश आणि विकसनशील देश हा धडा आला की फळ्यावर मधोमध उभी रेघ मारायची आणि दोन्हीकडे नावं लिहायची. जपान इकडे, आपण तिकडे, नेपाळ तिकडे. इकडचे देतात, तिकडचे घेतात, की संपला धडा. पोरांनाही पाठ, मलाही पाठ. ही रेघ एक दिवस आमच्याच वावरात येऊन पडेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

झालं असं, की जपानची एक मदत-योजना होती. आशियातल्या गरजू शेजाऱ्यांना शेतीची अवजारं द्यायची. नेपाळच्या डोंगरातल्या गावांना छोटी मळणीयंत्रं हवी होती, आणि जपानी यंत्र तिथे बिघडलं तर दुरुस्त कोण करणार, म्हणून सोपं, हातोडी-पान्याने सुधारणारं यंत्र ते भारतात शोधत होते. कुणाच्या तरी तोंडून दादाच्या यंत्राची गोष्ट त्यांच्यापर्यंत गेली आणि तानाका नावाचे एक साहेब चाचणी घ्यायला यायचे ठरले. दादा आठवडाभर जमिनीवर नव्हता. यंत्र पास झालं तर ते नेपाळच्या डोंगरात जाणार, नापास झालं तर शेडच्या कोपऱ्यात गंजणार, हे त्याला पक्कं माहीत होतं. साहेबांशी बोलायला मला शेवगावला बोलावलं. त्यांचं इंग्रजी जपानी वळणाचं, माझं नगरी वळणाचं. दोघांचं कुठेतरी मध्यावर जमत होतं.

चाचणी सोपी होती. ज्वारीची कणसं तोलून यंत्रात टाकायची आणि निघालेले दाणे तोलायचे. तेवढ्या कणसांतून किती दाणे निघायला हवेत ते साहेबांनी थोडी कणसं हाताने मळून आधीच काढून ठेवलं होतं. यंत्र सुरू झालं आणि ताडपत्रीवर पांढरीशुभ्र रास पडू लागली. दादाच्या तोंडावर असं हसू, की बघवत नव्हतं... दृष्ट लागेल म्हणून. मळणी संपली तेव्हा लक्षात आलं, की कणसं तोलून परत गेलेला मोठा तराजू अजून गावातून यायचाच आहे. तोवर साहेब, दादा आणि मी विहिरीवर हातपाय धुवायला गेलो, चहा घेतला. तराजू आला, रास भरली, आणि साहेबांचा चेहरा पडला. दाणे कमी. थोडेथोडके नाहीत, चांगले पाटीभर कमी. त्यांनी पुन्हा तोललं, तरी तेवढेच. मग फार नम्रपणे मला म्हणाले, की यंत्र चांगलं आहे, पण धान्य खातं.

दादा थेट यंत्राकडे गेला. त्याने यंत्राचं झाकण काढलं, चाळण काढली, आत हात घातला, मग डोकं घातलं. भुसा उपसला, चिमटीने चाळला, वाऱ्यावर धरला. दाणा नाही. तो मातीत पालथा पडून यंत्राखाली बघत होता. तेवढ्यात वहिनी चहाची भांडी गोळा करायला आली.

"काय हुडकताय वं?" तिने विचारलं.

"दानं. कमी भरत्यात," दादा यंत्राखालूनच म्हणाला.

"कमी भरनारच की. म्या वाटल्यात न्हवं."

दादा तसाच पडून राहिला. मग हळूच डोकं बाहेर काढून म्हणाला, "कुनाला?"

"आता कुनाला म्हंजी? रासंपाशी आल्ती त्यास्नी. रिकामी लावून द्यायची व्हय?"

आमच्याकडे रास पडली की ती मोजायच्या आधी खळ्यावर आलेल्याच्या पदरात सूपभर दाणे पडतात. मोजलेल्या राशीतून दिलं तर ते मापून दिल्यासारखं होतं, म्हणून मोजायच्या आधी. आम्ही विहिरीवर गेलो तेवढ्यात वहिनीने कणसं खुडणाऱ्या बायका, देवळातला गुरव, मोटर दुरुस्त करणारे अन्सारभाई, शेजारच्या वावरातली कौसामावशी, सगळ्यांना वाटे घालून मोकळं केलं होतं. हे मी साहेबांना इंग्रजीत कसं सांगितलं ते माझं मलाच ठाऊक. त्यांनी शांतपणे विचारलं, "आणखी कोणाला?" वहिनीने लाजून त्यांच्याच गाडीकडे बोट दाखवलं. ड्रायव्हरने डिकी उघडली. आत टॉवेलमध्ये बांधलेली दोन गाठोडी होती, एक ड्रायव्हरचं आणि एक खुद्द तानाकासाहेबांचं.

साहेब गाठोडं हातात धरून उभे राहिले. "पण मी काहीच काम केलेलं नाही," ते म्हणाले. मी वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "एवढ्या लांबनं आमच्या रासंपाशी आला न्हवं? मंग." याचं भाषांतर मला त्या दिवशी जमलं नाही. आजही जमेल असं वाटत नाही.

पुढचा तासभर मी कधी विसरणार नाही. दादाने गावात निरोप धाडला, की वाटे घेऊन या, तोलून लगेच परत नेऊ. माणसं पदरात, पिशवीत, टोपीत दाणे घेऊन वावरात हजर. अन्सारभाईंचा वाटा गिरणीत पोचला होता, ते गरम पीठच घेऊन आले. गुरवाने थोडे देवापुढे ठेवले होते, तेही पाटासकट आले. सगळं तराजूत पडलं आणि साहेबांनी आकडा बघून डोळे चोळले. आता दाणे जास्त. कणसांत असायला हवेत त्याहूनही जास्त. यंत्र धान्य खात नव्हतं, उलट घालत होतं. मग कौसामावशी पदराशी चाळा करत म्हणाली, "म्या घातलं वंजळभर घरचं. भास्कराच्या मशीनचं नाव खराब व्हाया नगं." तिच्यामागून सगळेच कबूल झाले. सगळ्यांनी घरचं मूठमूठ घातलं होतं. तानाकासाहेब आधी गालात हसले, मग खुर्चीवर बसून हसले, मग चष्मा काढून डोळे पुसत हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा चाचणी झाली. त्याआधी वहिनीला मी केडगावला माझ्या घरी जेवायला पाठवून दिलं होतं. यंत्र पास झालं. साहेब निघाले तेव्हा गाठोडं त्यांच्या मांडीवर होतं, डिकीत नव्हे.

यंत्रं नेपाळला गेली. दादाने गावभर पेढे वाटले आणि मधुमेह असूनही चार स्वतः खाल्ले. गंमत पुढे आहे. वर्षभराने योजनेचा दुसरा भाग आला. नेपाळचा एक मिस्त्री नागापूरला राहून यंत्र बनवायला शिकेल, मग तिकडच्या गावांसाठी तिकडेच यंत्रं होतील. शेजारच्या शेडवाल्यांनी दादाला कोपच्यात घेतलं. "भास्करशेठ, खुळं झालं का? एकदा शिकला की परत एक मशीन तुमचं तिकडं जानार न्हाई." दादालाही ते कळत होतं, तो काही संत नव्हता. दोन दिवस तो घुम्यासारखा वावरला. तिसऱ्या दिवशी पूर्णबहादुर बसमधून उतरला, बुटका, गोबऱ्या गालांचा, थंडीने लाल झालेल्या नाकाचा. दादाने आधी त्याला पोटभर जेवू घातलं आणि मग सगळं शिकवलं. ड्रमचे दात कसे बसवायचे, चाळणीला किती बाक द्यायचा, पट्टा कुठे घसरतो, काही हातचं राखलं नाही. पूर्णबहादुर त्याला 'दाइ' म्हणायचा, म्हणजे त्यांच्याकडे थोरला भाऊ. वहिनीची भाकरी खाऊन 'लई भारी' म्हणायला तो चौथ्या दिवशी शिकला.

जायच्या आदल्या दिवशी त्याने विचारलं, की आमच्या यंत्राच्या पट्टीवर नाव कोणतं घालू? मी तिथेच होते. दादा चाळण पुसत होता. पुसत राहिला. ज्या पट्टीसाठी माणसाने इतकी वर्षं वाट बघितली... मला वाटलं आता म्हणेल, भास्करच घाल. पण तो म्हणाला, "तुज्या गावाचं घाल. माजं नाव घातलं तर बिघाडलं की लोक मला शिव्या देत बसतील. तुमचं घातलं तर दुरुस्त करशीला." आणि स्वतःच मोठ्याने हसला. मी परत निघाले तेव्हा फाटकापर्यंत सोडायला आला आणि एवढंच बोलला, "शालू, सुमीनं त्या दिवशी मोजायच्या आदी वाटलं, म्हनून गोड लागलं बग. मोजून वाटाया बसलो आसतो तर माजाबी हात आखडला आसता."

शेजाऱ्यांचं म्हणणं खरं ठरलं. नेपाळला पुन्हा दादाचं एकही यंत्र गेलं नाही. तो पुन्हा दुसऱ्यांचे पार्ट कातू लागला आणि आनंदात होता, हे मी शपथेवर सांगते. दोनेक वर्षांनी पूर्णबहादुरने मोबाईलवर एक चित्रफीत पाठवली. डोंगराच्या उतारावर बायका नाचणी मळत होत्या आणि मळणी संपल्यावर त्यांनी यंत्र चक्क दोन तुकड्यांत उघडलं. पाठीवरच्या टोपलीत घालून वर चढवता यावं म्हणून त्याने ते मधोमध जोडाचं केलं होतं. पट्टीवर जिभेवर न बसणाऱ्या लांबलचक नावाचं गाव. दादाने ती चित्रफीत दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना दाखवली. "माज्या डोक्यात आलं न्हाई बग हे," असं तो अशा काही अभिमानाने सांगायचा, जसं त्याच्याच डोक्यातून आलंय. फळ्यावरची माझी रेघ मी तेव्हाच मनातून पुसली होती. निवृत्त झाले होते, नाहीतर धडाच बदलला असता.

आता शेड गौरी बघते. आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या नाचणी करणाऱ्या बायकांनी तिच्याकडे तसंच जोडाचं, टोपलीतून नेता येणारं यंत्र मागितलंय. ते दादाला येत नव्हतं, म्हणून गौरीलाही येत नाही. तेव्हा शिकवायला पूर्णबहादुर बसला, तिकडून, मोबाईलच्या पडद्यावर. मागच्या आठवड्यात मी शेडमध्ये गेले तर गौरीने फोन खोक्याला टेकवून उभा केलेला, आणि दोघांचं मराठी-हिंदी-नेपाळीत जोरात चाललेलं. यंत्र जवळजवळ झालं होतं. गौरीने शेवटचा नट लावला आणि पाना फिरवणार, तोच पडद्यातून आवाज आला, "थांब, बहिनी. आदी पानी पी."

मी जागच्या जागी खिळले. दादाचं हे होतं. शेवटचा नट तो कधी सलग आवळायचा नाही. पाना ठेवायचा, माठातलं पाणी प्यायचा, जरा इकडेतिकडे बघायचा, आणि मग. घाईने आवळलेला नट घाईनेच सुटतो, असं काहीतरी त्याचं गणित. आम्ही हसायचो. गौरीने पूर्णबहादुरला विचारलं, हे तुम्हाला बाबांनी शिकवलं ना? तो म्हणाला, दाइने कधी शिकवलं नाही, ते नुसते प्यायचे. आता आमच्या कारखान्यातली सगळी पोरं पितात, त्यांना वाटतं यंत्र असंच बनवतात.

गौरी पाना ठेवून माठाकडे गेली. मीही तिच्या मागोमाग गेले आणि पेला पुढे केला.